इसब आणि प्रोबायोटिक्स: मोठीला देऊ का? आणि दुसऱ्या बाळासाठी मी आत्तापासून घेऊ का?

रानजाई:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. माझी मोठी मुलगी आता तीन वर्षांची होईल, तान्ही असल्यापासून तिला इसब आहे, सुरुवातीला गालांवर लाल चट्टे आले तेव्हा सगळे म्हणाले लाळेमुळे होतं, दात आले की जाईल, पण ते गालावरून कोपराच्या आणि गुडघ्याच्या खळग्यात उतरलं आणि आता तिथली कातडी जाड, खरखरीत, काळपट झालीये. दिवसा खेळायच्या नादात विसरते, रात्री मात्र झोपेतच खाजवत बसते, हातात मोजे घातले तर ते दातांनी ओढून काढते, सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक बारीक ठिपके असतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत तर बघवत नाही. नवऱ्याला लहानपणी दमा होता, मला स्वतःला धुळीची सर्दी आहे, म्हणजे दोन्ही घरांकडून आलंय असं डॉक्टर म्हणतात.

आता मला आठवा महिना लागलाय. एका मैत्रिणीने सांगितलं की डिलिव्हरीच्या आधी प्रोबायोटिक्स, म्हणजे ते पोटाला चांगले म्हणतात ते जिवंत जंतू, सुरू केले तर बाळाला इसब होत नाही, परदेशात सिद्ध झालंय म्हणे. केमिस्टकडे विचारलं तर त्याने काउंटरवर तीन प्रकार काढून ठेवले, एक त्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या, एक सॅशे आणि एक कॅप्सूल, तिन्हीवर प्रोबायोटिक लिहिलेलं आणि किमतीत कितीतरी फरक, मी काहीच न घेता परत आले. तर माझे दोन प्रश्न, मोठीला देऊन तिचं इसब कमी होईल का, आणि मी आत्ता घेतलं तर येणाऱ्या बाळाला खरंच फायदा होतो का? सासूबाईंच्या सांगण्यावरून सध्या मोठीचं अंडं, शेंगदाणे, वांगं आणि आंबट सगळं बंद आहे, फरक मात्र काही दिसत नाहीये. प्लीज ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी सांगा, मला दुसऱ्यांदा हे सगळं बघवणार नाही.

अबोली:
रानजाई, तुझं वाचून पोटात तुटलं गं, आमच्याकडे सेम. माझ्या मुलाला आम्ही ड्रॉप्स दिले होते, जवळजवळ पूर्ण हिवाळाभर, मार्चपर्यंत खूप बरा झाला आणि मला वाटलं ड्रॉप्सनेच झाला. पण पुढच्या थंडीत ड्रॉप्स चालू असतानाच पुन्हा तेवढंच उसळलं. त्यामुळे मी तरी छातीठोकपणे सांगू शकत नाही की उपयोग होतो. त्रास मात्र काही झाला नाही, थोडे दिवस पोटात गॅस धरला इतकंच.

कृष्णाकाठ:
रानजाई, मी मायक्रोबायोलॉजी शिकवतो आणि मला स्वतःला शाळेत असल्यापासून इसब आहे, त्यामुळे या विषयावर जे येतं ते मी मन लावून वाचतो. तुमचे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगवेगळी आहेत, हे आधी पक्कं धरा, कारण जाहिरातीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेमकं हेच एकत्र केलं जातं.

आधी मोठीचं. झालेलं इसब प्रोबायोटिकने बरं होतं का यावर कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये मोठा आढावा घेतला, ३९ ट्रायल्स, मिळून २५९९ पेशंट, बहुतेक लहान मुलंच. खाज आणि झोपमोड याबाबत पेशंटला किंवा आईबापांना काय वाटतं हे विचारलं तर प्रोबायोटिक दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत जवळजवळ काहीच फरक नव्हता. डॉक्टर जो स्कोअर काढतात, स्कोरॅड म्हणतात त्याला, तो १०३ पैकी असतो, त्यात सरासरी ४ पॉइंटच्या आसपास फरक आला. आता पेशंटला जाणवेल असा फरक व्हायला साधारण ८-९ पॉइंट तरी कमी व्हावे लागतात. म्हणजे कागदावर थोडासा फरक आहे, पण रात्रीची खाज थांबेल असा नाही. त्यामुळे मोठीसाठी त्यावर पैसे घालू नका असं मी स्पष्टच सांगेन. तेच पैसे मॉइश्चरायझरवर घाला, त्याबद्दल खाली लिहितो.

आता येणाऱ्या बाळाचं. तुमच्या मैत्रिणीने जे ऐकलंय ते फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या ट्रायलचं असणार. २००१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली होती आणि त्या वेळी फार गाजली. ज्या घरात अ‍ॅलर्जी, दमा, इसब आहे अशाच गरोदर बायका त्यांनी निवडल्या, म्हणजे अगदी तुमच्यासारख्या, त्यांना डिलिव्हरीच्या २ ते ४ आठवडे आधीपासून लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा एकच ठराविक स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा उपप्रकार, दिला, रोज १००० कोटी जिवाणू, आणि डिलिव्हरीनंतर सहा महिने तो एकतर दूध पाजणाऱ्या आईने घ्यायचा किंवा बाळाला द्यायचा. मुलं दोन वर्षांची झाल्यावर पाहिलं तर डमी (जिवाणू नसलेलं, फक्त दिसायला तसंच) घेतलेल्या गटात ४६ टक्के मुलांना इसब होतं आणि प्रोबायोटिकच्या गटात २३ टक्के. बरोबर निम्मं! चार वर्षांनी पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. आमच्या डिपार्टमेंटमध्ये हा पेपर हातोहात फिरला होता मला आठवतंय, सगळ्यांना वाटलं की आता सुटलाच प्रश्न.

पण पुढे काय झालं ते मैत्रिणींच्या गप्पांपर्यंत पोचत नाही. जर्मनीत फ्रायबुर्गला तोच जीजी स्ट्रेन घेऊन जवळपास तशीच ट्रायल केली, २००८ मध्ये निकाल आला, प्रोबायोटिकच्या गटात २८ टक्के मुलांना इसब आणि डमीच्या गटात २७.३ टक्के. म्हणजे शून्य फायदा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला आईला काही न देता जन्मापासून सहा महिने फक्त बाळाला तोच स्ट्रेन दिला, २०१७ मध्ये छापून आलं, तिथेही दोन वर्षांच्या वयात फरक नाही. उलट नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला फक्त आईला प्रोबायोटिक घातलेलं दूध दिलं, बाळाला काहीच नाही, आणि तिथे मुलांमध्ये इसब कमी दिसलं.

त्यामुळे सगळ्यांचा गठ्ठा बांधून पाहिला तर इसब टाळण्यासाठी थोडा फायदा आहे असंच निघतं, आणि आईने गरोदरपणाच्या शेवटापासून सुरू करून नंतरही चालू ठेवलं अशा ट्रायल्समध्ये तो जास्त दिसतो. जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २०१५ मध्ये याच आधारावर सांगितलं की ज्या घरात अ‍ॅलर्जीचा धोका जास्त आहे तिथे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईने घ्यायला हरकत नाही, पण त्याच वाक्याला जोडून हेही लिहिलंय की पुरावा फार कच्चा आहे आणि ही सक्तीची शिफारस नाही. माझं मत विचाराल तर तुमच्या घरचा इतिहास पाहता घेऊन बघण्यात गैर काही नाही, डॉक्टरांना विचारून, योग्य स्ट्रेन मिळाला तर. पण ‘घेतलं म्हणजे होणार नाही’ असं मनात धरून बसू नका, आणि झालं तर मी काही कमी केलं असंही वाटून घेऊ नका. नाही मिळालं योग्य प्रॉडक्ट तर सोडून द्या, त्यासाठी जीव टाकू नका.

दूरदेशी:
कृष्णाकाठ यांनी खूप छान लिहिलंय, मी न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला राहते म्हणून इथली एक गोष्ट जोडते. वेलिंग्टन आणि ऑकलंडमध्ये मिळून ट्रायल झाली होती, २००८ मध्ये निकाल आला, त्यात दोन वेगळे जिवाणू तपासले, एक लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस एचएन००१ आणि दुसरा बायफिडोबॅक्टेरियमचा एचएन०१९. आईला ३५व्या आठवड्यापासून आणि बाळाला जन्मल्यापासून थेट दोन वर्षांपर्यंत. पहिल्याने इसब जवळजवळ निम्म्यावर आलं आणि दुसऱ्याने काहीच झालं नाही. दोन्ही डब्यांवर प्रोबायोटिकच लिहिलेलं असणार ना? एचएन००१ चा फायदा नंतर ११ वर्षांपर्यंत टिकला असंही आलं. पण नंतर त्याच स्ट्रेनची दुसरी ट्रायल केली ज्यात फक्त गरोदरपणात आणि पाजताना आईला दिलं आणि बाळाला थेट दिलं नाही, तर तिथे बाळांमध्ये फायदा दिसला नाही. म्हणजे नॉर्वेत फक्त आईला देऊन चाललं आणि इथे नाही चाललं. इतकं सरळ नाहीये हे.

मालतीकाकू:
तुम्ही सगळे शिकलेले आहात, मी आपलं घरातलं सांगते. आमच्या काळी कुठे होत्या या कॅप्सूल, बाळंतिणीला ताक आणि ताजं दही, बाळाला सहा महिन्यांनंतर दहीभात. घरचं विरजण हेच प्रोबायोटिक नव्हे का? तेच दे की मोठीला. आणि डाळीच्या पिठाने अंग चोळून आंघोळ घाल, धुरी दे, कातडी छान होते बाळाची.

कृष्णाकाठ:
मालतीकाकू, दहीभाताला माझा पूर्ण पाठिंबा, सहा महिन्यांनंतर बाळाला आणि रानजाईंना आत्ताही, दुधाची अ‍ॅलर्जी नसेल तर खुशाल. पण इसबाच्या ट्रायल्समधले स्ट्रेन घरच्या विरजणात असतातच असं नाही. दह्यात दूध आंबवणारे लॅक्टिक जिवाणू असतात, प्रत्येक घरच्या विरजणात वेगळे, उन्हाळ्यात वेगळे, थंडीत वेगळे, ते अन्न म्हणून उत्तम पण इसबावरचं औषध म्हणून त्यांची परीक्षा झालेली नाही.

डाळीच्या पिठाबद्दल मात्र हात जोडून सांगतो, ज्या घरात इसब आहे तिथे बाळाला चोळू नका. यामागचं कारण असं की इसबाच्या बऱ्याच पेशंट्समध्ये कातडीचा वरचा थर मुळातच कच्चा असतो. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की फिलॅग्रिन नावाच्या प्रोटीनच्या जीनमध्ये दोष असेल तर इसबाचा धोका खूप वाढतो. हे प्रोटीन वरच्या थराला घट्ट बांधून ठेवतं आणि ओलावा धरून ठेवतं, ते कमी पडलं की कातडीतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. पत्र्याच्या छपराचे खिळे निघाल्यावर पाऊस आत येतो ना, तसं. अशा कातडीवर पीठ घासलं की उरलासुरला थरही खरवडला जातो. आणि धुरीने बाळाच्या छातीला त्रास होतो, त्यात या घरात दमा आहे. ऑलिव्ह ऑइलची मालिशसुद्धा टाळा, शेफिल्डच्या अभ्यासात त्याने कातडीचा थर आणखी कमजोर होतो असं दिसलं होतं. खोबरेल तेल त्यापेक्षा बरं.

आता मोठीसाठी सांगतो. आंघोळ पाच-दहा मिनिटांची, कोमट पाण्याची, साबण अगदी सौम्य आणि मळ असेल तिथेच. टॉवेलने घासायचं नाही, टिपून घ्यायचं, आणि अंग ओलसर असतानाच, बाथरूममधून बाहेर यायच्या आत, जाड मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली भरपूर लावायची. भरपूर म्हणजे किती, तर ब्रिटनच्या गाइडलाइन्समध्ये इसब असलेल्या मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम म्हटलंय. आपण पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतो आणि मग म्हणतो उपयोग झाला नाही. मोठा डबा घ्या, स्वस्त घ्या, वास नसलेला घ्या, आणि दिवसातून निदान दोनदा लावा.

औषधवाला:
मी मिरजेकडे दुकान चालवतो. रानजाई ताई, तुमच्यासमोर जे तीन प्रकार ठेवले ते काय असावेत ते सांगतो म्हणजे पुढच्या वेळी पाकीट उलटं करून वाचता येईल. पाच मिलीच्या प्लास्टिकच्या कुप्या म्हणजे बहुतेक बॅसिलस क्लॉसाय, एका कुपीत २०० कोटी बीजाणू, हे जुलाबासाठी आणि अँटिबायोटिकबरोबर लिहून देतात. सॅशेमध्ये पुष्कळदा सॅकरोमायसिस बोलार्डी असतं, ते तर जिवाणूच नाही, यीस्ट आहे, तेही जुलाबासाठीच. आणि बऱ्याच कॅप्सूलवर नुसतं ‘लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस’ लिहिलेलं असतं, तो बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स. वर ज्या ट्रायल्स सांगितल्या त्यातला यातला एकही नाही. जुलाबाला चालतं म्हणून इसबाला चालेल असं होत नाही, आणि गिऱ्हाईक फक्त ‘प्रोबायोटिक द्या’ म्हणालं की दुकानदार जे हाताशी आहे ते देतो.

पाकिटावर तीन गोष्टी शोधा. जिवाणूचं पूर्ण नाव आणि त्यापुढे स्ट्रेनचं अक्षर किंवा नंबर, नुसतं लॅक्टोबॅसिलस लिहिलं असेल तर काय आहे ते कळायला मार्ग नाही. आजकाल काही पाकिटांवर लॅक्टोबॅसिलसऐवजी लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस दिसेल, २०२० मध्ये नावं बदलली, जीजी असेल तर जिवाणू तोच. दुसरं, एक्सपायरीपर्यंत किती जिवंत राहतील तो आकडा, फक्त बनवताना किती होते तो नव्हे. तिसरं, फ्रिजमध्ये ठेवायचं का. लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू उन्हाने मरतात, मे महिन्यात पार्सल दिवसभर टेम्पोत पडून राहिलं तर आत काय जिवंत राहिलं देव जाणे, म्हणून ऑनलाइन मागवण्यापेक्षा फ्रिज असलेल्या दुकानातून घ्या.

आणि एक तळमळीने सांगतो कारण हे मी रोज बघतो. इसबाला लोक गजकर्णाचं ते तीन-चार औषधं एकत्र असलेलं क्रीम घेऊन जातात, त्यात जबरदस्त ताकदीचं स्टिरॉइड असतं, लहान मुलांच्या कातडीवर महिनोन्महिने लावतात, कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात. सरकारने २०१८ मध्ये अशी स्टिरॉइड क्रीम्स शेड्यूल एच मध्ये टाकली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी शेजारणीने सांगितलं म्हणून मागायला येतातच. कृपा करून तसलं काही लावू नका.

दूरदेशी:
औषधवाले दादांचं अगदी बरोबर, फक्त उलटं टोकही नको. डॉक्टरांनी वयाप्रमाणे दिलेलं सौम्य स्टिरॉइड क्रीम घाबरून अर्धवट लावलं तर इसब आटोक्यातच येत नाही. आमच्या नर्सने प्रमाण दाखवलं होतं ते फार उपयोगी पडलं, मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ निघते ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. लाल, खरबरीत भागावर डॉक्टर सांगतील तितके दिवस, मग थांबवायचं, मॉइश्चरायझर मात्र कायम.

रानजाई:
बापरे, तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंय, डोळे भरून आले. मोठा डबा आजच आणते. औषधवाले दादा, तुम्ही म्हणता तसंच होतं हो, कुप्या, सॅशे आणि लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलसची कॅप्सूल! अजून दोन शंका आहेत. मोठीचं अंडं आणि दाणे बंदच ठेवू का? आणि येणाऱ्या बाळाला रोज क्रीम लावत राहिलं तर इसब टळेल का, माझी बहीण तसं म्हणत होती.

कृष्णाकाठ:
क्रीमचं आधी. तीही आशा सगळ्यांना होती. ब्रिटनमध्ये १३९४ बाळांवर मोठी ट्रायल झाली, पहिलं वर्षभर रोज क्रीम, २०२० मध्ये निकाल आला आणि इसब टळलं नाही. त्यामुळे कोरडी कातडी दिसली तर जरूर लावा, पण टाळण्यासाठी म्हणून रोजचा नेम करायची गरज नाही.

खाण्याचं फार महत्त्वाचं आहे. अंडं किंवा दाणे खाल्ल्यावर तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, उलट्या असं कधी झालंय का? नसेल आणि बंद करूनही फरक नसेल तर बंद ठेवण्यात मुलीचं नुकसानच आहे, वाढीच्या वयात प्रोटीन कमी पडतं. त्यात इसब असलेल्या मुलाचं एखादं खाणं बराच काळ तोडलं तर पुढे त्याचीच खरी अ‍ॅलर्जी तयार व्हायचा धोका असतो. २०१५ मध्ये लंडनमधून लीप नावाची ट्रायल आली, त्यात जोराचं इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयातच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली तर पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटलं. आपल्याकडे दाण्याचं कूट प्रत्येक भाजीत असतं ते काही वाईट नाही! फक्त तुम्ही काही दिवस बंद ठेवलंय म्हणून परत सुरू करताना तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून, त्यांना गरज वाटली तर टेस्ट करून, मग सुरू करा, घरी एकट्याने प्रयोग नको. आणि अख्खा दाणा लहान मुलांना देऊ नका, घशात अडकतो, कूट किंवा पातळ पेस्टच.

औषधवाला:
एक राहिलं होतं, ते लिहितो. ताई, तुम्ही डॉक्टरांना विचारून कॅप्सूल सुरू केलीत तरी बाळाला थेट काही द्यायचं असेल तर बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, आणि देव न करो पण बाळ दिवसांच्या आधी आलं तर अजिबातच नको. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कमी दिवसांच्या बाळांना हॉस्पिटलमध्ये प्रोबायोटिक देण्याबद्दल इशारा दिला, एका बाळाच्या रक्तात तेच जिवाणू शिरून ते दगावलं होतं. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांना ट्रायल्समध्ये असा त्रास झालेला नाही, पण तरी विचारूनच.

रानजाई:
नोंद करून ठेवलं. सोमवारी माझी सोनोग्राफी आहे, तेव्हा डॉक्टरांना ऱ्हॅम्नोसस जीजी किंवा एचएन००१ असं नाव लिहूनच विचारते, आणि मोठीच्या पेडीची अपॉइंटमेंट त्याच आठवड्यात घेते अंड्या-दाण्यांसाठी. कोणाला पुण्यात यातला एखादा स्ट्रेन पाकिटावर लिहिलेला मिळाला असेल तर इथे सांगा.